स्तंभावर कोणाचे नाव?

मननासाठी शास्त्रभाग : प्रकटीकरण ३:७-१३, इफिसकरांस पत्र २:११-२२



आमच्या अक्कलकोट तालुक्यातील वाचकांस दगड ही काही नवलाची वस्तू नव्हे. ज्वारीच्या रानात नांगर घातला की फाळाला दगड लागतोच. बांधावर दगड, शिवेवर दगड, पाणंदीच्या कडेस दगड, जुन्या देवळाच्या ओट्याशी दगड. त्यांतील एखाद्यावर कोणी तरी फार पूर्वी काही कोरून ठेविलेले असते. गुरे राखणारी मुले त्यावर बसतात, कोणी त्यावर विळा पाजळतो. पण त्यावरील अक्षरे कोणी वाचीत नाही. तरी गावच्या म्हाताऱ्यास विचारावे, तर तो इतके नक्की सांगतो की, "बाबा, तो दगड हलवू नये."

असे दगड आमच्या आसपास पुष्कळ आहेत. खुद्द अक्कलकोटास शिलाहार वंशातील इंदरस ह्याचा शिलालेख सापडला असून तो विद्वानांनी वाचून छापिला आहे. सोलापुराच्या दक्षिणेस, भीमा व सीना ह्या नद्यांच्या संगमावर, हत्तरसंग-कुडल नावाचे स्थळ आहे. तेथील संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८, ह्या सालचा लहानसा लेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार ह्यांनी तो उजेडात आणिला. मराठी भाषेच्या अति प्राचीन कोरीव लेखांत त्याची गणना होते. त्याच्या अखेरीस कोरणाराने असा आशीर्वाद घातला आहे की, जो हे वाचील तो विजयी होईल.

हजार वर्षांपूर्वीच्या त्या अनोळखी मनुष्याची ही इच्छा वाचून आम्हांस प्रकटीकरणाच्या पुस्तकाची आठवण झाली. त्याच्याही आरंभी वाचणाऱ्यास धन्य म्हटले आहे (१:३), आणि आशियातील सात मंडळ्यांच्या पत्रांत प्रत्येकीच्या शेवटी विजय मिळविणाऱ्यास वचन दिले आहे. परंतु फिलदेल्फिया येथील मंडळीस दिलेले वचन कुडलच्या आशीर्वादाच्याही पुढे जाते. कुडलचा दगड म्हणतो, मला वाच म्हणजे तू जिंकशील. प्रभू म्हणतो, तू जिंकलास तर मी तुलाच आपल्या देवाच्या मंदिरातील स्तंभ करीन, आणि त्या स्तंभावर देवाचे नाव, देवाच्या नगरीचे नाव व माझे स्वतःचे नवे नाव लिहीन. म्हणजे लेख वाचणाराच लेख धारण करणारा होतो. आजवर तो दुसऱ्यांचे वाचीत होता, आता दुसरे त्याला वाचतात. ह्या विचाराने आमच्या मनात एक प्रश्न उभा राहिला, तो आम्ही वाचकांपुढे ठेवितो : आज गावातील लोक आमच्यावर कोणाचे नाव वाचतात?

हे वचन ज्यांनी प्रथम ऐकिले ते लोक रोमी राज्यात, कोरीव दगडांच्या गर्दीत राहत होते. त्या काळच्या तीन दगडांपाशी आपण क्षणभर थांबू या.

१. वाटेचा दगड

रोमी लोकांनी आपल्या राज्यभर पक्क्या सडका बांधिल्या. त्यांतील प्रसिद्ध आप्पियाची सडक इ. स. पूर्व ३१२ मध्ये सुरू झाली. पौल बंदिवान होऊन रोमास चालला असता अप्पियाच्या पेठेपर्यंत बंधुजन त्याला सामोरे आले (प्रे. कृत्ये २८:१५), ते ह्याच सडकेवर. सडकेच्या कडेस हजार हजार दुहेरी पावलांवर, आजच्या मापाने सुमारे दीड किलोमीटरवर, एकेक दगडी खांब उभा करीत. लॅटिन भाषेत हजारास 'मिल्ले' म्हणतात. त्यावरूनच इंग्रजीच्या मार्गाने 'मैल' हा शब्द आमच्याकडे आला. आता सरकारी माप किलोमीटरचे झाले, तरी आम्ही त्यास मैलाचा दगडच म्हणतो.

पौल व सीला फिलिप्पैहून थेस्सलनीकेस गेले (प्रे. कृत्ये १७:१), त्या मोठ्या सडकेचे नाव एग्नातिया. तिचा एक मैलखांब थेस्सलनीका शहराजवळ सापडला आहे. त्यावर ग्नेयस एग्नातियस ह्या सुभेदाराचे नाव व २६० मैलांचा आकडा लॅटिन आणि ग्रीक अशा दोन्ही भाषांत आहे, कारण त्या वाटेने दोन्ही भाषांचे लोक जात. एका घरात मराठी आणि दुसऱ्या घरात कानडी बोलणाऱ्या आमच्या सीमेवरील गावांस ह्याचे नवल वाटू नये. वाट दाखविणाऱ्याने वाटसरूची भाषा बोलली पाहिजे, इतके त्या सुभेदारासही कळत होते.

पुढे बादशाही आली तेव्हा ह्या खांबांवर अंतरासोबत कैसराचे नाव व त्याच्या लांबलचक पदव्या येऊ लागल्या. औगुस्त कैसराने इ. स. पूर्व २० मध्ये रोम शहराच्या मुख्य चौकात सोन्याच्या मुलाम्याचा एक मैलखांब उभा केला. साऱ्या वाटा माझ्यापाशी येतात असे त्यास जणू सांगावयाचे होते. परंतु दगडावरील नावाचीही खात्री नसते. इ. स. ९६ मध्ये डोमितियन कैसराचा वध झाला, आणि रोमच्या वडील सभेने त्याचे नाव कोरीव लेखांतून खरवडून टाकण्याचा हुकूम काढिला. ज्या छिन्नीने ते नाव कोरिले होते तसल्याच छिन्नीने ते काढण्यात आले. योहानाला प्रकटीकरणाचे दर्शन ह्याच कैसराच्या कारकिर्दीच्या अखेरीस झाले असे प्राचीन मंडळीतील शिक्षक इरेनियस लिहितो. ज्या दिवसांत सर्वांत बलाढ्य मनुष्याचे नाव दगडांवर मोठ्या अक्षरांनी कोरिले जात होते, त्या दिवसांत बेटावरच्या एका हद्दपार म्हाताऱ्याने न खोडिल्या जाणाऱ्या नावाची वार्ता लिहिली. आज कैसराच्या नावाच्या जागी दगडावर खळगा उरला आहे, आणि म्हाताऱ्याने लिहिलेले आम्ही अक्कलकोटच्या खेड्यांत वाचीत आहो.

मैलाचा दगड चालत नाही, पण चालणाऱ्यास धीर देतो. त्याचे काम एवढेच की खरे अंतर सांगावे. आम्ही वडीलधारे, पंच, शिक्षक व आईबाप आपल्या मुलांपुढे असे उभे आहो काय? की आमचा आकडा एक आणि वाट दुसरी?

२. वेठीचा दगड

आजच्या तुर्कस्तानात, पूर्वीच्या पिसिदिया मुलखात, सागलास्स नावाचे प्राचीन नगर होते. तेथे तिबेरियस कैसराच्या आरंभीच्या काळातील एक कोरीव जाहीरनामा सापडला आहे. म्हणजे आपला प्रभू नासरेथास सुतारकाम करीत होता त्याच सुमाराचा. तोही लॅटिन व ग्रीक अशा दोन भाषांत आहे. सरकारी कामाने येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी गावकऱ्यांनी दहा गाड्या व तितकीच खेचरे तयार ठेवावी, त्यांचे ठरलेले भाडे मिळेल, आणि ज्यांस हक्क नाही त्यांनी फुकट काही नेऊ नये, असा त्याचा मतलब आहे. असा दगड उभा करावा लागला ह्यावरूनच दिसते की लोक मर्यादा पाळीत नव्हते, आणि गरिबाच्या गोठ्यातील खेचर सोडून नेणारे पुष्कळ होते.

आमच्या आजा-पणजांस हे समजाविण्याची गरज पडली नसती. अंमलदाराचे सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावी पोचवावे, आपली पेरणी टाकून दुसऱ्याचे काम करावे, ही वेठ ज्यांच्या वाट्यास आली त्यांचेच आम्ही पुष्कळ जण वंशज आहो. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीस मनाई केली. त्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानितो. दुबळ्याच्या बाजूने मर्यादेचा दगड उभा राहणे ही चांगली गोष्ट आहे, आणि तो कोणी हलविल्यास त्याविरुद्ध बोलणे हे ख्रिस्ती मनुष्याचे काम आहे.

परंतु प्रभूने डोंगरावरील उपदेशात अशा वेठीचाच दाखला घेऊन म्हटले की, कोणी तुला एक मैल चालविले तर तू त्याच्यासंगती दोन मैल जा (मत्तय ५:४१). पहिला मैल सक्तीचा, म्हणून त्यात चालणाऱ्याचे स्वतःचे काही नाही. दुसरा मैल कोणत्याही दगडावर लिहिलेला नाही. तो चालणारा हुकमाखाली नाही, तो मोकळा मनुष्य आहे. ह्या वचनाने दुबळ्यास अधिक राबवावे असे कोणी समजू नये. प्रभूने हे दुसऱ्यावर लादावयास सांगितले नाही, आपण स्वतः करावयास सांगितले.

आमच्या देशातील दगडांकडे पाहिले तर त्यांतही मर्यादेचीच काळजी दिसते. शिलाहारांच्या व यादवांच्या काळातील पुष्कळ दानलेखांच्या दगडांस 'गद्धेगळ' म्हणतात. अलिबागजवळच्या अक्षी गावचा शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, चा दगड ह्याच जातीचा आहे. अशा दगडावर वरती चंद्र-सूर्य असतात, म्हणजे ते आहेत तोवर हे दान चालावे, मध्ये लेख, आणि खाली दान मोडणाऱ्यास गाढवाच्या चित्राने दिलेला लाजिरवाणा शाप. मोशेच्या नियमशास्त्रातही शेजाऱ्याची हद्द सारणाऱ्यास शाप सांगितला आहे (अनुवाद २७:१७). सर्व देशांतील शहाण्यांस ठाऊक होते की मनुष्याचे मन बांधापाशी फार लवकर बिघडते. पण शापाने फार तर दगड राखिला जातो, मन राखिले जात नाही.

आमच्या पाहण्यातील एका खेड्यात दोन सख्खे भाऊ होते. बापाच्या मागे जमीन वाटून घेतली, मध्ये बांध घातला. मग दर वर्षी नांगरटीच्या वेळी थोडा थोडा बांध कोरिला जाऊ लागला. कोणी कोरिला हे तेच जाणोत. बोलणे बंद झाले. दोघेही रविवारी प्रार्थनामंदिरात येत, एक दाराच्या उजवीकडे बसे व दुसरा डावीकडे, आणि दोघेही एकाच पुस्तकातून गात. गावातील एका गृहस्थाने आम्हांस विचारिले, "तुमच्यात बांधाची भांडणे मिटत नाहीत, तर मग तुमच्यात आणि आमच्यात फरक तो काय?" आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या गृहस्थाने आमचा एकही उपदेश ऐकिला नव्हता, पण आमच्या मंडळीवर काय लिहिले आहे ते त्याने बरोबर वाचिले होते.

पुढे सरकारी मोजणी झाली. मोजणीदाराने खूण दाखविली. धाकट्याने दगड उचलिला आणि त्या खुणेवर न पुरता आपल्याच रानात हातभर आत आणून पुरिला. थोरल्याने विचारिले, "हे काय?" तो म्हणाला, "दादा, खूण सरकारची. हातभर माझ्याकडून." थोरला काही बोलला नाही. त्या दोघांतील सारे मनोमालिन्य त्या दिवशी गेले असे आम्ही म्हणत नाही; जुन्या जखमेस दिवस लागतात. पण त्या सुगीत थोरल्याच्या घरून धाकट्याकडे तुरीची पाटी गेली. तो हातभर जमिनीचा तुकडा आम्ही स्वतः पाहिला आहे. दुसरा मैल तो हाच.

३. मनाईचा दगड

तिसरा दगड यरुशलेमेचा. हेरोदाने बांधिलेल्या मंदिराच्या आवारात बाहेरच्या अंगणापर्यंत कोणीही येऊ शकत असे. त्यापुढे तीन हात उंचीचा दगडी कठडा होता, आणि त्यावर ग्रीक व लॅटिन भाषांत सूचना कोरलेल्या होत्या, असे योसेफस हा यहूदी इतिहासकार सांगतो. इ. स. १८७१ मध्ये क्लेर्मों-गानो नावाच्या फ्रेंच विद्वानास त्यांतील एक दगड अखंड सापडला; तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. सात ओळींत त्यावर इतकेच सांगितले आहे की, कोणा परक्याने मंदिराभोवतालच्या कठड्याच्या आत जाऊ नये. जो सापडेल त्यास मरण येईल आणि त्याचा दोष त्याचा त्यालाच.

पौलाने हा दगड अनेकदा पाहिला असेल. त्रफिम इफिसकर ह्यास त्याने आत नेले अशा खोट्या संशयावरून लोक त्यावर धावले (प्रे. कृत्ये २१:२८-२९) आणि तेथूनच त्याची बंदी सुरू झाली. बेड्यांत असताना इफिसकरांच्या नावे जे पत्र गेले त्यात तो म्हणतो की, ख्रिस्ताने दोघांचे एक केले व मधली आडभिंत पाडिली (इफिस २:१४). ज्या दगडापायी बेड्या पडल्या, त्याच्याच संबंधाने हे शब्द आहेत असे वाचले म्हणजे त्यांचे वजन कळते. त्या वेळी तो कठडा यरुशलेमेत जसाच्या तसा उभा होता. मंदिर इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने पाडिले. पौलाच्या दृष्टीने मात्र तो दगड वधस्तंभापाशी आधीच पडला होता.

बंधुजनहो, येथे आम्हांस स्पष्ट बोलणे भाग आहे. आमचे वाडवडील गावाच्या वेशीबाहेर राहिले. पाणवठ्यावर न लिहिलेला मनाईचा दगड त्यांनी जन्मभर पाहिला. तो दगड पडावा म्हणून आम्ही देवाचा धावा केला. मग आमच्याच मंडळीत सोयरिकीची गोष्ट निघाली म्हणजे 'ते मूळचे कोणत्या वाड्यातले?' हा प्रश्न कोण विचारितो? नवीन आलेल्या कुटुंबास भोजनाच्या पंगतीत शेवटची जागा कोण दाखवितो? प्रभुभोजनाचा प्याला एक, पण घरातील लोटा निराळा, असे कोठे घडत नाही काय? यरुशलेमेचा दगड निदान उघड्यावर होता, त्यावरील अक्षरे सर्वांस वाचता येत. आमचा दगड काळजात आहे, म्हणून तो अधिक धोक्याचा. ज्याला तो लागतो त्यालाच तो दिसतो. दुसऱ्याने घातलेल्या कठड्याबद्दल आम्ही रडलो, ते योग्यच होते. पण आम्ही स्वतः घातलेला कठडा आमच्यावाचून दुसरा कोणी काढणार नाही.

मंदिरातील स्तंभ

आता फिलदेल्फियाकडे परत येऊ. इ. स. १७ मध्ये आशिया प्रांतात मोठा भूकंप होऊन बारा नगरे उद्ध्वस्त झाली, त्यांत फिलदेल्फिया होते. पुढेही तेथे धक्के बसत राहिले. भिंतींस तडे जात, आणि लोक नगर सोडून शेतांत राहत. कैसर तिबेरियसाने नगरांस मदत केली, म्हणून नगराने कृतज्ञतेने 'नवे कैसरनगर' अशा अर्थाचे नाव घेतले. पुढे दुसऱ्या राजघराण्याचा अंमल आला तेव्हा त्या घराण्याचे 'फ्लाविया' हे नाव धारण केले. आज ती नावे जुन्या दगड-नाण्यांवर उरली आहेत, आणि त्या जागी तुर्कस्तानातील आलाशेहीर हे गाव आहे.

अशा हादऱ्या भूमीवर, वारंवार नाव बदलणाऱ्या नगरात, ज्यांची शक्ती थोडी असे स्वतः प्रभूच म्हणतो (३:८), त्या लहान मंडळीस वचन मिळाले की, तुम्हांस मी स्तंभ करीन, आणि तेथून तुम्हांस कधी बाहेर जावे लागणार नाही. ज्यांनी रात्री-अपरात्री मुले कडेवर घेऊन पडत्या घरातून धाव घेतली होती, त्यांस 'बाहेर जावे लागणार नाही' ह्या शब्दांचा अर्थ सांगावा लागला नसेल. दुष्काळात खडी फोडावयास गेलेल्या, ऊसतोडीसाठी दर वर्षी घरास कुलूप लावणाऱ्या आमच्या कुटुंबांसही तो सांगावयास नको.

पाहा, स्तंभ स्वतःवर नाव कोरू शकत नाही. छिन्नी धन्याच्या हाती असते. आणि कोरणे म्हणजे दगडाचा काही भाग निघून जाणे; घाव बसल्यावाचून अक्षर उठत नाही. कोणाच्या अहंकाराचा तुकडा निघेल, कोणाच्या बांधाचा हातभर भाग जाईल, कोणाच्या कुळाचा तोरा झडेल. त्या वेळी आम्ही ओरडू नये. पौल करिंथकरांस लिहितो की, हा लेख दगडाच्या पाट्यांवर नव्हे तर मांसमय हृदयाच्या पाट्यांवर आहे, आणि तो सर्व माणसे वाचतात (२ करिंथ ३:२-३). ज्यांस शास्त्र वाचता येत नाही ते आम्हांस वाचतात.

म्हणून येत्या आठवड्यात प्रत्येकाने तीन ठिकाणी जावे अशी आमची विनंती आहे. आपल्या मुलांपाशी जाऊन पाहावे की आम्ही दाखविलेली वाट व आमची चाल एक आहे काय. आपल्या बांधापाशी जाऊन पाहावे की तेथे कोणाचे काही देणे राहिले आहे काय. असल्यास ते द्यावे, आणि देणे नसले तरी हातभर अधिक द्यावे. आणि प्रार्थनामंदिराच्या दारापाशी उभे राहून पाहावे की कोण अजून बाहेरच्या अंगणात थांबला आहे. त्याचा हात धरून त्यास आपल्या शेजारी बसवावे.

हे प्रभू येशू, आम्ही रानातले ओबडधोबड दगड आहो. आमच्यावर आमच्या वैराचे व अभिमानाचे जे काही लिहिलेले असेल ते तू खरवडून काढ. आमच्या बांधावर, आमच्या पंगतीत व आमच्या घरात लोकांस तुझेच नाव वाचावयास मिळो. ज्या मंदिरात कठडा नाही त्यात आम्हांस स्थिर उभे कर. आमेन.